जुन्या बागेची पीक पाहणी

मला बागा बघायची हौस कधीच नव्हती. मला सावली हवी असायची. तलाठ्याच्या नोकरीत माणूस उन्हात इतका फिरतो, की कुठल्या झाडाखाली किती वेळ बसावं हे त्याला चाळिशीच्या आतच पाठ होतं. बाभळीखाली बसू नये, काटे आणि मुंग्या. लिंबाखाली खुशाल आडवं व्हावं. चिंचेखाली बसलं की अंग जड होतं आणि उठायला नको वाटतं. पण मला तसंही उठायला नकोच वाटायचं. नव्वदच्या दशकातली आणि त्यापुढची काही वर्षं मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत काढली. त्या वर्षांतलं काही सांग म्हटलं तर मला आधी दमणूक आठवते. पीक पाहणी, मतदारयादी, जनगणना, पोलिओचे डोस, निवडणूक, टंचाईच्या याद्या, आणि मधेच कुणाच्या तरी बांधाचं भांडण. एक उरकावं तर दुसरं पुढ्यात हजर.

अशा फिरण्यात तीन जुन्या बागा मला सापडल्या. बाग म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढं हिरवळ आणि रांगेत लावलेले गुलाब येत असतील तर त्यांनी ते विसरावं. शिरूरला इंग्रजी छावणीच्या काळातल्या एका बंगल्यामागं पहिली होती. बंगला कधीच पडला होता, बुचाची उंच झाडं तेवढी उरली होती आणि त्यांच्यावर घारींची घरटी. दुसरी कासुर्डीच्या बाजूला, एका पायविहिरीभोवतीची राई. तिथं मी भर दुपारी मुंगसाची अख्खी पंगत बघितली, आई पुढं आणि चार पिल्लं मागं. या दोन्ही बागांत मी डबा खाल्ला, झोप काढली आणि निघून आलो. तिसरीतून तसं निघता आलं नाही.

वरवंडहून आत, नदीच्या अंगाला एक गाव माझ्या सज्जात होतं. सज्जा म्हणजे तलाठ्याच्या अंगावर टाकलेली गावं. माझ्या अंगावर चार होती. या गावापासून दीड मैलावर भीमेच्या काठी ती बाग. अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर. पाणी उतरलं की पल्याड मांडवगण फराट्याकडची शेतं दिसायची. पेशवाईत कुणा सरदाराच्या कारभाऱ्यानं ती लावली आणि मरताना देवाला देऊन टाकली, देवळाला रोज फुलं मिळावीत आणि वाटसराला सावली मिळावी म्हणून, असं गावात सांगत. कागदातही तसंच होतं. जमीन बागेसाठी दिलेली, म्हणून जोवर तिथं बाग आहे तोवर तिच्यात नांगर घालता येत नव्हता. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं.

पहिल्यांदा गेलो तो दिवस वैशाखातला. बरोबर गावचा कोतवाल होता. कोतवाल म्हणजे तलाठ्याचा हरकाम्या. पण हा माणूस माझ्याआधी पाच तलाठी बघून बसलेला, त्यामुळं मीच त्याचा हरकाम्या आहे असं त्याच्या चालीवरून वाटायचं. लुना पंक्चर झाली होती. मी घामानं निथळत, कोतवालाला, लुनाला आणि नोकरीला मनातल्या मनात शिव्या घालत बागेच्या पडक्या दारातून आत शिरणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"खाकरून या."

मी थांबलो. एक साठीतला, काटक, काळा माणूस विहिरीच्या थारोळ्यावर, पूर्वी मोट जिथं रिती व्हायची तिथं, बसून फुलांची परडी विणत होता. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. कोतवाल म्हणाला, "आप्पा, भाऊसाहेब हायेत. नवीन."

"असूं द्या की. भाऊसाहेब झालं म्हणून काय झालं. कुनाच्या घरात जाताना खाकरत्यात का न्हाई? हितं घोरपड हाय, धामण हाय, पिंगळ्याची जोडी हाय. त्यांना कळाय नको का मानूस आलंय?"

मी खाकरलो. माझाच मला राग आला, पण खाकरलो. आप्पांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. त्या गावात मला पाणी देण्याआधी निदान चार घरांत 'आडनाव काय म्हणलात' असं विचारलं गेलं होतं. मी सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक क्षणभर हिशेब होई आणि मग 'च्या घेणार ना?' येई. माझी त्याला ना नव्हती, सवय झालेली होती. बौद्धवाड्यातला मी पहिला सरकारी नोकर; असं विचारणं आणि असं थांबणं मी शाळेपासून बघत आलो होतो. आप्पांनी विचारलं नाही. त्यांना माझ्या आडनावापेक्षा मी पायानं मुंग्यांचं वारूळ तुडवतोय याची काळजी जास्त होती.

आप्पा जातीचे माळी. आजा, बाप आणि ते, तिघांचीही हयात या बागेत गेली. बायको मागंच वारली होती, मुलगी वरवंडला दिलेली. विहिरीला लागून दगडी खोली होती, तिच्यात ते एकटे राहत. पहाटे परडीभर फुलं देवळात नेऊन द्यायची आणि त्याच्या बदल्यात पंचांनी वर्षाचं धान्य द्यायचं, असा रिवाज. फुलं तरी कसली? पांढरा चाफा, कण्हेर, बकुळ, आणि आपोआप उगवलेली तेरड्याची, गोकर्णीची. लावलेलं असं आता काही नव्हतंच. पाट बुजले होते, हौदाची एक बाजू उंबराच्या मुळांनी फोडली होती, कारंज्याच्या दगडी कमळात खंड्या बसायचा. करवंदीच्या जाळ्यांत मोर. चिंचेवर वटवाघळं. सायाळीचे काटे आप्पा वेचून ठेवत आणि परडी विणायला सुईसारखे वापरत.

आणि धनेश. हा पक्षी मी आधी बघितला नव्हता. राखाडी रंग, घारीएवढा, चोचीवर शिंगासारखा उंचवटा, उडताना दम लागल्यासारखा उडणारा. आप्पा त्याला नुसतं 'पावनं' म्हणत, कारण दर उन्हाळ्यात तो जोडीनं यायचा. विहिरीमागच्या जुन्या आंब्याला पोकळ ढोली होती. मादी तिच्यात शिरायची आणि आतून चिखल लिंपून दार बुजवून घ्यायची. चोच बाहेर येईल एवढीच फट. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आत, आणि नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवणार. आत तिची पिसंही झडतात, आप्पा सांगत. मधेच बाहेर काढली तर उडता येत नाही.

"सगळा भरवसा त्याच्याव," आप्पा म्हणाले. "त्यानं यायचं बंद केलं का संपलं."

त्यानंतर मी तिथं जायला लागलो तो जातच राहिलो. आठवड्यातून एकदा तरी. त्या गावात काम नसलं तरी काढायचो. चिंचेखाली दप्तर उशाला घेऊन पडायचो. आप्पा बोलले तर ऐकायचो, नाही बोलले तर तेही बरं वाटायचं, कारण दिवसभर माझ्याशी लोक बोलतच असायचे आणि प्रत्येकाला काही ना काही हवं असायचं. आप्पांना माझ्याकडून काही नको होतं. बायको म्हणायची, "बागेत कुणी बसवून ठेवलीय की काय?" मी म्हणायचो, "हो, साठ वर्षांचा माळी." ती हसायची आणि शर्टाला चिकटलेल्या कुसळ्या काढत बसायची.

आता कागदाचं सांगतो. पीक पाहणी म्हणजे तलाठ्यानं हंगामात शेतोशेती जाऊन काय पेरलंय, किती झाडं आहेत, ते डोळ्यांनी बघून सातबाऱ्यावर लिहायचं. हे झालं पुस्तकातलं. चार गावं आणि एक लुना असलेला माणूस ते कसं करतो? चावडीत बसतो, कोतवालाला विचारतो, आणि जिथं कोतवालालाही ठाऊक नसतं तिथं 'मागीलप्रमाणे' लिहितो. उंटावरून शेळ्या हाकायच्या. माझ्या आधीच्या पाचांनी तेच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही. त्यामुळं त्या बागेच्या कागदावर बापजाद्यांच्या काळापासून एकच मजकूर चालत आलेला: आंबे चाळीस, चिंचा बारा, संत्री, पेरू, मोगऱ्याचे वाफे, विहीर चालू, जमीन बागायत. संत्र्याचं झाड त्या बागेत बघितलेला माणूस गावात जिवंत नव्हता. आंबे उरले होते सात.

मीही पहिली तीन वर्षं मागीलप्रमाणेच लिहिलं. खोटं कशाला सांगू? कोतवालाला एकदा म्हणालो, "अरे, संत्री कुठायत?" तो म्हणाला, "कागदाव हायेत नव्हं? मंग हायेत की. झाड मरतं साहेब, कागद मरत न्हाई."

माझं डोकं फिरलं ते चौथ्या वर्षी. पौषातली सकाळ होती, रब्बीची पाहणी चालू होती. आप्पांनी बोलता बोलता सांगितलं, की त्यांच्या डोळ्यांदेखत बागेतले वीस-पंचवीस आंबे गेले. काही देवळाच्या सभामंडपाच्या तुळयांना, काही वीटभट्टीला, काही कुणाच्या तरी लग्नाच्या सरपणाला. कुणी पंच यायचे, माणसं घेऊन यायचे, तोडायचे. "आन् कुनी कवा इच्चारलं न्हाई. इच्चारायचं कुनी? कागदाव तर चाळीसच हायेत."

ते ऐकून मला अशी चीड आली की बसवेना. चोर एकीकडं, आणि त्यांची चोरी झाकायला कागद लिहिणारे आम्ही दुसरीकडं. माझा बाप मांडवगणच्या बाजूला आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबला. त्याचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर आलं नाही. मला नोकरी लागली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "आता कागदाच्या खाली तुजी सही व्हनार. वरचं खरं असूं दे." आणि मी तीन वर्षं खोट्याखाली सही करत होतो. मी ठरवलं, यंदा या बागेची खरी पाहणी करायची. एकेक झाड मोजायचं. चाळीसचे सात झालेले कागदावर दिसले की कुणीतरी वर विचारेल, तेहेतीस गेले कुठं. चौकशी लागेल. निदान पुढचं तोडणं तरी थांबेल. असं वाटणं ही तलाठ्यानंच करावी अशी चूक होती. आम्हाला वाटतं, आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं ते काळजीपोटी वाचतं.

कोतवाल म्हणाला, "साहेब, कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी त्याला म्हणालो, तू गप ऱ्हा आणि टेप धर.

मोजणीला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी गेलो तर आप्पा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून दारात उभे. मला कसंसंच झालं. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी सरकार बाग बघायला आलं. ते पुढं चालले, काठीनं जाळी बाजूला करत, प्रत्येक झाडाशी थांबून. हे कवठ आज्यानं लावलं. ही जांभूळ वीज पडून अर्धी जळाली, पण पुन्हा फुटली. ही बकुळ कारभाऱ्याच्या हातची, हिला भाऊसाहेब नीट लिवा. मी लिहीत गेलो. विहीर: वापरात नाही, कारण मोट बंद होऊन जमाना झाला होता. पाट: बुजलेले. लागवड: नाही. जमीन: पेरणी नसल्यानं पड. पेरलेलं नाही ते पड, असा आमचा नियम. करवंद, घाणेरी, तरवड, बोरी हे सगळं त्यात गेलं. आंबे सात. विहिरीमागच्या आंब्यापाशी आलो तेव्हा आप्पांनी ढोलीत हात घालून दाखवला, कोपरापर्यंत गेला. "पावन्याची खोली," म्हणाले. मी लिहिलं: जीर्ण, पोकळ, फळ धरत नाही. एकही अक्षर खोटं नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "पाखरं लिवली का?"

पाखरांना रकाना नव्हता. पण शेऱ्याचा रकाना असतो, तिथं मी लिहिलं: बागेत मोर, धनेश, मुंगूस, सायाळ, वटवाघळे इत्यादींचा वावर आहे. वाचून दाखवलं तेव्हा आप्पांनी घोरपड राहिली म्हणून सांगितलं. तीही घातली. दोन दिवसांचं ऊन, पाय सुजलेले, अंगाला खाज. तरी त्या संध्याकाळी दौंडला परतताना मला खूप दिवसांनी बरं वाटलं होतं. नोकरीत केलेलं एखादं काम घरी सांगावंसं वाटलं, ते तेवढंच. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चला, आता पाहुण्यांच्याही नावावर काहीतरी झालं."

आठ-दहा दिवसांनी आमचे वरिष्ठ, सर्कलसाहेब, कागद तपासायला आले. चाळीसचे सात झालेले त्यांनी वाचले आणि पान उलटलं. शेऱ्यावर मात्र थांबले. "हे काय? पीक पाहणीत मुंगूस? उद्या उंदीर मोजशील." आणि लाल शाईनं शेरा खोडला. बाकी सगळं बरोबर आहे म्हणाले, असंच खरं काम करत जा म्हणाले. मी चौकशीचं विचारलं, तर म्हणाले, "कसली चौकशी? झाडं म्हातारी होतात, मरतात. तू कशाला डोक्याला ताप करून घेतो?"

चौकशी लागली नाही. वर्ष गेलं. त्यात एक निवडणूक झाली, एक टंचाई झाली, माझे गुडघे दुखायला लागले. बागेत जाणं कमी झालं, पण होत राहिलं.

मग चैत्राच्या अखेरीला तालुक्याहून एक आदेश आला, माझ्यामार्फत गावात बजावायचा. देवस्थानच्या पंचांनी अर्ज केला होता: मूळ बाग आता अस्तित्वात नाही, जमीन पड आहे, उरलेली झाडं जीर्ण व पोकळ आहेत, सबब ती काढून जमीन उसाला देण्याची परवानगी मिळावी, म्हणजे देवाला उत्पन्न होईल. परवानगी मिळाली होती. सोबत पुरावा म्हणून पीक पाहणीची नक्कल जोडलेली. माझं अक्षर मला लगेच ओळखू आलं. माझी सही, खाली तारीख. मी तो कागद हातात घेऊन चावडीच्या पायरीवर बसलो. कोतवाल आत गेला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला. आपणहून पाणी आणणारा तो नव्हता, त्यावरून खरंच वाईट आहे हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर ट्रॅक्टर आले होते, मशीनच्या करवती आल्या होत्या, एक जेसीबी दारापाशी उभा होता. दार रुंद करायला त्यानं कमान आधीच पाडली होती. पंचांमधले मुख्य, गावात सगळे ज्यांना आबा म्हणत, ते खुर्ची टाकून बसले होते. साखर कारखान्याच्या राजकारणातले, पण वागायला मऊ माणूस. मला बघून उठले. कुणाला तरी हाक मारली, आणि मला काही कळायच्या आत माझ्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात नारळ.

"भाऊसाहेब, तुमचे आभार किती मानावं," आबा म्हणाले. "किती वरसं अर्ज करत व्हतो. दर वेळंला कागद आडवा यायचा. कागदाव बाग, मंग परवानगी कशी द्यायची, असं म्हनायचे वरचे. तुम्ही पहिलं खरं लिवणारं निघालात."

मी नारळ धरून उभा राहिलो. पहिली चिंच पडली तेव्हा वटवाघळं उठली. दिवसा त्यांना काही कळत नव्हतं, ती बागेवरच गोल गोल फिरत राहिली, जिथं उतरावं ते झाडही हलत होतं. आप्पा खोलीच्या दारात बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यावरची टोपी बघितली, हातातला नारळ बघितला, आणि दुसरीकडं बघायला लागले. त्या वेळी मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटलेली नाही. लाच घेतली असती तरी कदाचित एवढी वाटली नसती. लाच निदान कुणी चारचौघांत हातात देत नाही.

टोपी-टॉवेल काढून मी नारळासकट कोतवालाच्या हातात दिलं आणि आबांना म्हणालो, विहिरीमागचा एक आंबा राहू द्या. ढोलीत पाखरू बसलंय. मृगापर्यंत थांबा.

"पाखरू?" आबांनी जरा विचार केला. "राहू द्या की. एका झाडानं काय व्हतंय. तुमचा शब्द मोडनार न्हाई मी."

शब्द मोडला नाहीच. ते एक झाड राहिलं. उंबर गेला, वड गेला, जांभळी, कवठ, कारभाऱ्याची बकुळ गेली. आठ दिवसांत जमीन सपाट. मधोमध तो एकटा आंबा आणि त्याच्या ढोलीत बंद करून घेतलेली ती. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. मी तिकडं फिरकलो नाही. दोन आठवड्यांनी कोतवालाला विचारलं. त्यानं सांगितलं, नर चार-पाच दिवस येत होता. मग उंबरं आणायला त्याला नदीपलीकडं जावं लागायचं. येणं दिवसातून एकदा झालं, मग बंद झालं. आप्पा शिडी लावून फटीतून बांबूच्या कामटीनं उंबरं आत सरकवत होते. माणसाच्या हातचं तिनं घेतलं नाही. एक दिवस फटीतून चोच दिसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पांनी चिखल फोडला नाही. तसाच ठेवला. मृगाच्या आधीच आबांच्या माणसांनी झाड काढलं.

"पन आबांनी शब्द पाळला म्हनायचा," कोतवाल म्हणाला. त्याच्यावर चिडायचीही ताकद राहिली नव्हती.

पावसाळ्यात तिथं उसाची लागण झाली. दगडी खोली पाण्याच्या मोटारीला लागणार होती म्हणून आप्पांना गावात मारुतीच्या देवळामागं एक छपरी दिली. देवळाला फुलं आता पुण्याच्या बाजारातून येणाऱ्या गाडीवरनं घेत, त्यामुळं वर्षाच्या धान्याचा रिवाजही आपसूक मोडला. मी बदलीसाठी अर्ज केला. बदली काही लगेच होत नाही, सरकारी काम आणि सहा महिने थांब. म्हणून मी चावडीत येत राहिलो, आणि पीक पाहणी आली तेव्हा बागेच्या गट नंबरापुढं 'ऊस' असं लिहिलं.

हिवाळ्यात एका दुपारी आप्पा चावडीत आले. कोतवाल बाहेर गेला होता, मी एकटाच होतो. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, बसा बसा. खुर्चीवर बसले नाहीत, भिंतीला टेकून खाली बसले. मुलीनं निराधार पेन्शनीचा फॉर्म आणला होता. त्याला तलाठ्याचा रहिवासी दाखला लागतो. म्हातारा कुठला, किती वर्षं राहतोय, ते लिहून द्यायचं असतं. त्यांना माझ्याविषयी राग असेल तर तो चेहऱ्यावर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी कोरा दाखला घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं. राहण्याचं ठिकाण आलं तिथं थोडा थांबलो आणि लिहिलं: देवस्थानची जुनी बाग, जन्मापासून. 'मागीलप्रमाणे' उतरवलेलं सोडलं तर इतक्या वर्षांच्या नोकरीत ठरवून, जाणूनबुजून खोटं लिहिलं ते हे पहिलं. का लिहिलं? मला वाटलं, एक तरी कागद असा असावा ज्यावर ती आहे. मी सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढं केला.

आप्पांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, "काय लिवलं ते वाचून दावा."

मी वाचलं. बागेपाशी आलो तेव्हा त्यांनी मान वर केली.

"भाऊसाहेब, थितं बाग कुठं हाय आता?"

"असू द्या आप्पा. कागदावर असू द्या."

ते समजावल्यासारखं, अगदी शांतपणे म्हणाले, "न्हाई. थितं ऊस हाय. आन् मी देवळामागं ऱ्हातो. तसं लिवा. तुम्ही खरं लिवता म्हनून समदं गाव तुमाला मानतं, मंग माझ्यापुरतं खोटं कशाला?"

मी तो दाखला फाडला आणि दुसरा घेतला.